विहिरीवरील संवाद आणि मोबाइलवरील वाद

शास्त्रपाठ : योहान ४ : १–२६



गेल्या मासिक सभेस जमलेल्या उपदेशक बंधूंनी मजपुढे एक प्रश्न ठेवला. मंडळीतील कित्येक तरुण दिवसाचे काम आटोपल्यावर मोबाइल घेऊन बसतात आणि ज्यांचे तोंड कधी पाहिले नाही, ज्यांचे गाव ठाऊक नाही, अशा मनुष्यांशी धर्म, नीती व राज्यकारभार या विषयांवर मध्यरात्रीपर्यंत वाद घालितात. त्यांस मनाई करावी, की उत्तेजन द्यावे? एक वृद्ध बंधू म्हणाले की मनाईच करावी, कारण त्या वादातून आजवर कोणाचे तारण झालेले त्यांनी पाहिले नाही. दुसरे म्हणाले, आमच्याविषयी खोटे पसरत असता आम्ही मुकाट राहिलो तर ते खोटे खरे ठरेल. मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. ते न देण्याचे एक कारण होते, आणि ते मी पुढे सांगणार आहे.

प्रथम हे स्पष्ट करितो की वाद करणे हे पाप नव्हे. पौल अथेनै शहरात असता सभास्थानात तर बोलेच. परंतु बाजारपेठेत जो कोणी भेटेल त्याच्याशीही तो दररोज संवाद करी, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात लिहिले आहे. ती त्या काळची अनोळखी माणसेच होती. आपल्या देशातही हेच घडले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे जाहीर वादविवाद झाले, आणि त्यांचा वृत्तांत छापूनही निघाला. विष्णुबुवा आपल्या बाजूचे नव्हते, ते आपल्या धर्मावर कडक टीका करीत. तथापि आपल्या मताचा मनुष्य उघड्यावर, दिवसाउजेडी, स्वतःच्या नावाने उभा राहून बोले. समोरचा काय म्हणतो ते ऐकल्यावाचून उत्तर देता येत नसे, आणि बोललेल्या शब्दाचा धनी कोण, हे सर्वांस दिसे.

मोबाइलवरील वादात ही दोन्ही बंधने सुटली आहेत. गावच्या पारावर आपण ज्याच्याशी भांडतो, त्याच्या बैलांनी कधी आपले शेत नांगरलेले असते; त्याच्या आईने आपल्या बाळंतिणीला शेक दिलेला असतो. त्यामुळे जीभ कितीही सुटली तरी काही शब्द ओठांवर येऊन परत जातात. अनोळखी मनुष्याशी आपला असा काही देणेघेणेपणा नसतो. त्याचे चित्र म्हणजे बहुधा एखादे फूल, एखादा झेंडा, नाही तर एखादा नट. त्या चित्रास आपण वाटेल ते बोलतो, आणि त्या चित्रामागे कोणाचा तरी मुलगा बसलेला आहे याचा विसर पडतो.

शिवाय या बाजाराचा एक मालक आहे, हेही ध्यानात धरावे. कोणते बोलणे कोणास आधी दाखवावयाचे हे कंपनीचे यंत्र ठरविते, आणि ज्या बोलण्यावर लोक अधिक तुटून पडतात ते यंत्र पुढे सरकविते, कारण लोक जितका वेळ तेथे थांबतील तितक्या जाहिराती दिसतात. २०१७ सालापासून काही वर्षे फेसबुकच्या हिशेबात रागाच्या चिन्हास साध्या पसंतीच्या पाचपट वजन होते. कंपनीच्या आतले कागद २०२१ साली बाहेर आले तेव्हा हे जगास कळले. ते वजन पुढे कमी करण्यात आले. परंतु तोवर किती घरांतील शांतीवर हे तराजू चालले असेल, याचा हिशेब कोण देणार? आपण समजतो की आपण सत्यासाठी लढत आहो; आणि दूर कोठे तरी कोणी आपल्या रागाची गिऱ्हाइकी मोजीत असतो.

आता शास्त्रपाठाकडे वळू या. सुखार नावाच्या गावाजवळ, याकोबाच्या विहिरीवर, भर दुपारी प्रभु थकून बसला आहे, आणि शोमरोनातील एक स्त्री पाणी भरावयास आली आहे. यहूदी व शोमरोनी यांच्यामधले वैर लहान नव्हते. गरिज्जीम डोंगरावर शोमरोन्यांचे मंदिर होते. ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस योहान हुर्कानस या यहूदी अधिपतीने पाडून टाकिले. म्हणजे देवाची उपासना कोठे करावी हा त्या स्त्रीचा प्रश्न निव्वळ शास्त्राचा नव्हता. तो राज्याचा, सैन्याचा, पाडलेल्या भिंतींचा प्रश्न होता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर धर्म आणि राजकारण यांची गाठ त्यात बसली होती. अशी गाठ आपल्या मोबाइलवर रोज दिसते.

अशा स्त्रीशी प्रभु पहिले वाक्य काय बोलतो? तो तिच्या मताची चूक दाखवीत नाही. तो तिच्याजवळ पाणी मागतो.

बंधुभगिनींनो, पाणी मागणे म्हणजे काय, हे इतर मंडळ्यांस टीकाग्रंथ वाचून समजावून घ्यावे लागेल, आपणांस नको. आपल्या आजोबा-पणजोबांना विहिरीला हात लावण्याची बंदी होती. कोणी दया करून वरून ओंजळीत पाणी ओतले तर ते प्यावयाचे, नाही तर तहानलेले परत जावयाचे. २० मार्च १९२७ रोजी महाडास डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले ते या एका ओंजळीसाठीच. म्हणून यहूदी पुरुष शोमरोनी स्त्रीच्या भांड्यातले पाणी मागतो, हे वाचून आपल्या अंगावर काटा यावा. ज्याला तिच्या हातचे चालू नये असे लोक म्हणत, तो तिचा ऋणी होऊ पाहतो. वादाच्या आरंभीच त्याने स्वतःस खालच्या पायरीवर बसविले.

त्यानंतरच तो बोलतो. आणि बोलतो तेव्हा गुळमुळीत बोलत नाही, हेही पाहा. स्त्री डोंगराचा प्रश्न काढिते, तेव्हा तारण यहूद्यांकडून आहे हे आपले म्हणणे तो तिला स्पष्ट सांगतो. तिला बरे वाटावे म्हणून तो सत्याला कात्री लावीत नाही. पण त्याच श्वासात तो हेही सांगतो की खऱ्या उपासकांस ना हा डोंगर लागेल, ना यरुशलेम. म्हणजे आपल्या बाजूचा अभिमानही त्याने त्याच तराजूत घातला. आपल्यापैकी कोण मोबाइलवरील वादात आपल्या पक्षाची एक तरी गोष्ट खाली ठेवितो? आणखी एक. तिच्या पाच नवऱ्यांची गोष्ट त्यास ठाऊक होती. ती त्याने काढिली तेव्हा शिष्य अन्न विकत घेण्यास गावात गेले होते; तेथे तिसरे कोणी नव्हते. ज्या गोष्टीने मनुष्याची मान खाली जाते ती त्याने एकांतात सांगितली. आपण तीच शेकडो लोकांसमोर सांगतो, आणि तिचे चित्र काढून आणखी शेकडोंस पाठवितो.

लूकच्या नवव्या अध्यायात याच शोमरोन्यांच्या एका गावाने प्रभूस उतरावयास जागा दिली नाही, तेव्हा याकोब व योहान यांस आकाशातून अग्नी पाडावासा वाटला. प्रभूने त्यांस धमकाविले आणि ते दुसऱ्या गावास गेले. दुसऱ्या गावास जाणे, हेही एक उत्तर आहे. ते आपल्या तरुणांस फारसे सुचत नाही. आणि योहानाच्या आठव्या अध्यायात तर लोक प्रभूस शोमरोनी म्हणून हिणवितात, व भूत लागलेला असेही म्हणतात. त्यांपैकी भूत लागल्याचा आरोप तो नाकारितो. शोमरोनी म्हटल्याबद्दल मात्र तो एक अक्षरही बोलत नाही. मी शोमरोनी नव्हे, असे म्हणणे किती सोपे होते! पण ते म्हणताच विहिरीवरच्या त्या बाईस खाली ढकलल्यासारखे झाले असते.

हे सर्व मला ठाऊक होते. सेमिनरीत असताना याच अध्यायावर मी परीक्षेचा निबंध लिहिला होता. तरीही जे घडले ते आता सांगतो.

दोन वर्षांमागे पावसाळ्याच्या तोंडी मी फेसबुकवर एका अनोळखी गृहस्थाशी वादास लागलो. विषय आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा होता : १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी काढिलेला अनुसूचित जातींविषयीचा आदेश. त्या आदेशाप्रमाणे ती सवलत प्रथम हिंदूंपुरतीच ठेविली; १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस ती मिळाली; ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. पुढे २०२२ साली सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी आयोगही नेमला. तो गृहस्थ म्हणे, तुमच्या धर्मात जात नाही असे तुम्हीच सांगता, मग जातीची सवलत कोणत्या तोंडाने मागता? आता हा प्रश्न मूर्खपणाचा नाही, हे मी आज कबूल करितो. त्यास उत्तर आहे. पण ते देण्याआधी आपल्याच मंडळ्यांत, आपल्याच सोयरिकींत व आपल्याच दफनभूमीत जात किती शिल्लक आहे, हे कबूल करावे लागते. ते मला नको होते. म्हणून मी तारखा व कलमे यांचा मारा केला.

चौथ्या रात्री तो चिडला. दुष्काळात ज्वारीच्या पोत्यासाठी तुमच्या आज्यांनी धर्म विकला, असे त्याने लिहिले. हे वाचून माझे रक्त तापले. त्याच्या त्या ओळीत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी त्या चारही मोजून दाखविल्या आणि लिहिले की ज्याला धड लिहिता येत नाही त्याने राज्यघटनेवर बोलू नये. आधी शाळा पुरी करून यावे. साठ-सत्तर लोकांनी माझ्या वाक्यास पसंती दिली. तो गृहस्थ पुन्हा आला नाही. मी प्रार्थना करून निजलो, आणि मला झोप चांगली लागली. ते आठवले की आजही लाज वाटते.

त्या साठ-सत्तरांत माझ्या एका मंडळीतील एक तरुण होता. चार दिवसांनी बांधावरून पाणी वाहण्याच्या क्षुल्लक गोष्टीवरून त्याचे शेजारच्या मुलाशी भांडण झाले, आणि त्याने माझे वाक्य जसेच्या तसे त्या मुलाच्या तोंडावर फेकले. तो शेजारी हिंदू. बाप वारल्यामुळे नववीतून शाळा सोडून त्याने नांगर धरिला होता. वाक्य मी लिहिले तेव्हा त्यास चेहरा नव्हता; गावात येताच त्याला चेहरा मिळाला. गेली पुष्कळ वर्षे त्या शेजाऱ्यांची पाभर आमच्या त्या कुटुंबाच्या रानात आधी चाले व मग त्यांच्या स्वतःच्या. त्या वर्षी पाभर आली नाही. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत आठ दिवस गेले, वापसा गेला, आणि बाजरी विरळ उगवली. त्या तरुणाच्या आईने मला दोष दिला नाही, कारण वाक्य माझे आहे हे तिला ठाऊकच नव्हते. मासिक सभेत मी गप्प राहिलो तो यामुळे.

यातून मी जे शिकलो ते उपदेशक बंधूंपुढे ठेवितो. त्यांनी ते आपापल्या गावी पारखून घ्यावे. अनोळखी मनुष्याशी आपण बोलतो तेव्हा ऐकणारा तो एकटा नसतो. न बोलता वाचणारे त्याहून पुष्कळ असतात, आणि त्यांत आपलीच लेकरे असतात. ती आपला सिद्धांत विसरतात व आपला सूर उचलतात. यास्तव जे वाक्य तुम्ही आठवड्याच्या बाजारात, कांद्याच्या ढिगाजवळ उभे राहून, त्या मनुष्याच्या आईदेखत बोलणार नाही, ते लिहू नका. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देण्यास मूर्खपणा म्हटले आहे; मोबाइलवर त्याचा अर्थ असा की समोरच्याने लिहिलेले पूर्ण वाचावे, आणि त्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत आपणांस सांगता येते काय, हे आधी पाहावे. सव्विसाव्या अध्यायात तर शलमोनाने मूर्खास उत्तर देऊ नये असे एका वचनात सांगून लगेच पुढच्या वचनात द्यावे असे सांगितले आहे. पुष्कळांस हा विरोध वाटतो. मला वाटते, ही दोन वचने शेजारी ठेविली ती याचसाठी की प्रत्येक वेळी मनुष्याने थांबून विचारावे, आज यांपैकी कोणते? रात्री दहानंतर माझ्या अनुभवाने बहुधा पहिले.

खोटी बातमी आली तर ती खोडणे मात्र कर्तव्य आहे, कारण तेथे गप्प बसल्याने रक्त सांडते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे आले आहेत अशा अफवेवरून जमावाने पाच जणांस ठार मारिले. ते मंगळवेढ्याकडील भिक्षेकरी होते, भटक्या जमातीचे. तशा अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. ते पाचही जण त्या गावास अनोळखी होते, आणि तोच काय तो त्यांचा अपराध ठरला. अशा वेळी कोणी एकाने, हे खरे कशावरून, एवढे विचारले असते तर! हा प्रश्न विचारण्यास मोठी विद्या लागत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. २०१२ साली पालघर येथे मुंबईच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यावरून दोन तरुणींस अटक झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलमच रद्द केले. तेव्हा आपले मत सभ्यपणे मांडण्यास भिऊ नये. पण धर्माधर्मांत वैर वाढविणारे अथवा कोणाच्या धर्मभावना बुद्ध्या दुखविणारे लिहिणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही अपराध आहे, हे तरुणांस सांगून ठेवावे.

एक बंधू मला म्हणाले, "पाळकसाहेब, पिढ्यान्‌पिढ्या आम्हीच हात पसरीत आलो. आता वादातही आम्हीच आधी नमते घ्यावे काय?" हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे पुरते उत्तर मजजवळ नाही. एवढेच सांगतो की महाडास आपला हक्क घेतल्यावर लोकांवर हल्ला झाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांस हात उगारू दिला नाही; आणि म्हणून त्यांनी हक्क सोडला असे कोणी म्हणत नाही. विहिरीवर पाणी मागणारा भिकारी नव्हता. जिवंत पाणी त्याच्याजवळच होते.

आणि अनोळख्याशी केलेले बोलणे नेहमी व्यर्थच जाते असेही समजू नका. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावास निघाले असता डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांचे बोलणे काव्यावर झाले, आणि निरोप घेण्यापूर्वी त्याने टिळकांस नवा करार वाचावयास दिला. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने वाद जिंकला म्हणून हे झाले नाही. त्याने आधी टिळकांच्या आवडीची गोष्ट ऐकून घेतली. उलट टिळकांच्या स्वतःच्या घरी, लक्ष्मीबाईंच्या मनात ती गोष्ट उतरावयास आणखी पाच वर्षे लागली. प्रवासी एका फेरीत बी टाकून गेला. घरच्या माणसास थांबावे लागले.

माझ्या त्या वाक्याचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. फेसबुकवरील त्या गृहस्थास मी क्षमा मागणारे पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. मग एके दिवशी मी त्या तरुणास बरोबर घेऊन शेजाऱ्यांच्या दारी गेलो. मुलाची आई ओट्यावर शेंगा फोडीत होती. मी म्हटले, "आक्का, ते शाळेचे वाक्य या पोराचे नव्हे, माझे आहे. मीच ते आधी एकास लिहिले." ती काही बोलली नाही. उन्हातून चालून आल्याने घसा सुकला होता. मी पाणी मागितले. माझ्या सासऱ्यांना याच वाड्याच्या पायरीखाली बसून ओंजळीने पाणी पिताना माझ्या पत्नीने लहानपणी पाहिले आहे. आक्का आत गेली, आणि पितळी तांब्या आणून तिने तो माझ्या हातात दिला.

मुलगा गोठ्यात होता. तो बाहेर आला नाही. त्या वर्षीही पाभर आली नाही, आणि यंदाचे अजून ठरलेले नाही. पुढील मंगळवारी बाजारास जाताना मी पुन्हा त्या ओट्यावर थांबणार आहे. उपदेशक बंधूंनी त्या दिवशी आमच्यासाठी प्रार्थना करावी.